गुंड्या लावणारे हात

युद्ध संपले, शिपाई सुखरूप घरी आला, की गोष्ट संपली असे आपण मानतो. विल्यम वायलर यांचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्‌ज’ हा १९४६ सालचा बोलपट नेमका तिथून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धातून तिघे अमेरिकन आपल्या गावी परततात. त्यांपैकी होमर हा खलाशी. त्याचे दोन्ही पंजे गेले असून त्यांच्या जागी पोलादी आकडे आहेत. ही भूमिका करणाऱ्या हॅरॉल्ड रसेल यांचे हातही १९४४ साली, सैन्यातील शिक्षणाच्या वेळी झालेल्या स्फोटात गेले होते.

होमर त्या आकड्यांनी काडीसुद्धा ओढतो. पण ते आकडे पाहून आईला हुंदका फुटतो, आणि तो हुंदकाच त्याला सोसवत नाही. दया हा सद्‌गुणच ना? मग ती एवढी का बोचावी? मला वाटते, दया करताना आपली नजर दुसऱ्याच्या दुःखावर थोडी आणि आपल्या कळवळ्यावरच फार असते.

पुढे एका रात्री होमर आपल्या विल्माला आकडे उतरवून दाखवतो. आता मिटलेले दार उघडणेही त्याच्या हाती उरत नाही. ती रडत नाही, त्याच्या धैर्याचे गोडवेही गात नाही. मुकाट्याने त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावते, पांघरूण घालते.

तिच्या जागी मी असतो तर? बहुधा डोळे पुसले असते, आणि स्वतःला मोठा सहृदय समजलो असतो. गुंड्या मात्र तशाच राहिल्या असत्या.