उपासमार कोणाची?

१९५२ साली लिव्हरपूलमध्ये ब्रायन मेग्रेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगशाळेतल्या उंदरांनी कोड्यात टाकले. मलेरियाची लागण करूनही, नुसत्या दुधावर ठेवलेल्या उंदरांच्या रक्तात परजीवी वाढेनात. दुधाला पूर्णान्न मानणाऱ्यांनी खूश व्हावे असाच हा निकाल होता. पण पुढच्याच वर्षी फ्रँक हॉकिंग यांनी त्याच आहारात पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल मिसळले आणि मलेरिया पुन्हा जोमाने वाढू लागला. हे आम्ल एकेकाळी 'ब' गटातले जीवनसत्त्व समजले जाई. दुधात ते फारच कमी. मलेरियाचा परजीवी त्यापासून स्वतःचे फोलेट घडवतो. उंदराला फोलेट अन्नातून आयते मिळते. म्हणजे उंदीर धडधाकट राहिला आणि उपास घडला तो त्याच्या पाहुण्याला.

एरवी मात्र मरतुकड्या जनावराला जंत फार, हे गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले सत्य आहे आणि ते प्रयोगांनीही खरे ठरवले आहे. इंग्लंडमध्ये हॅरी ग्रीन आणि एडवर्ड मेलॅन्बी यांनी १९२८ मध्ये 'अ' जीवनसत्त्वाला संसर्गविरोधी म्हटले, तेही उंदरांवरच्या निरीक्षणांवरून. त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जेम्स अॅकर्ट कोंबडीच्या पिल्लांना मोजून गोलकृमींची अंडी खाऊ घालत होते. 'अ' कमी पडलेल्या पिल्लांच्या आतड्यात जंत अधिक सापडले आणि ते लांबीलाही जास्त भरले. कारणही समजण्यासारखे आहे. या जीवनसत्त्वाच्या अभावी आतड्याचे, श्वासनलिकेचे, डोळ्याचे ओलसर अस्तर कोरडे आणि राठ होत जाते. महिनोन्‌महिने वाळल्या कडब्यावर काढणाऱ्या गुराला कॅरोटीन तुटपुंजेच मिळते. त्याचा रातांधळेपणा दिसतो, आतड्याची अवस्था दिसत नाही. अर्थात अशा गुराला प्रथिनेही कमी पडलेली असतात, त्यामुळे दोष एकट्या 'अ'च्या माथी मारता येत नाही. एकच घटक वेगळा काढून पाहणे पिंजऱ्यातच शक्य होते.

मात्र 'कमतरता म्हणजे कमजोरी' हे सूत्र धरून पुढे गेले की ते लवकरच तुटते. १९४३ मध्ये विल्यम ट्रेगर यांनी दाखवले, की बायोटिन कमी असलेल्या पक्ष्यांना प्लास्मोडियम लोफुरी या पक्ष्यांच्या मलेरियाचा त्रास अधिक होतो. वर्षभरातच सीलर आणि ऑट यांनी तोच परजीवी कोंबडीच्या पिल्लांना दिला, आहारातून मात्र रायबोफ्लेविन काढून घेतले. या वेळी रक्तातले परजीवी कमी झाले! परजीवी एकच, दोन्ही जीवनसत्त्वे 'ब' गटातली, निकाल मात्र उलटे.

'ई'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. गॉडफ्री यांनी १९५७ मध्ये मलेरियाग्रस्त उंदरांना कॉडमाशाच्या यकृताचे तेल दिले आणि परजीवींची वाढ दबली. वरून 'ई' देताच तो परिणाम नाहीसा झाला. माशाच्या तेलातली स्निग्धाम्ले सहज ऑक्सिडीभूत होतात आणि 'ई' त्यांना आवर घालते. तो आवर नसला, की तांबड्या पेशीत दडून बसलेल्या परजीवीला ती पेशी मानवेनाशी होते. इथे जीवनसत्त्वाचे संरक्षण घराला मिळत होते आणि घुसखोरालाही.

मग 'अ' तरी निर्विवाद आहे का? २०१४ मध्ये अमेरिकेत यास्मिन बेल्कायद यांच्या गटाने 'अ' कमी दिलेल्या उंदरांचे आतडे तपासले. जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी रोडावल्या होत्या, पण जंतांविरुद्धची फळी उलट बळावली होती: तिच्या पेशी वाढल्या, आतड्यातला चिकट स्रावही वाढला आणि चाबूककृमीला प्रतिकार सुधारला. दुष्काळात अन्न पळवणारा जंत हाच मोठा शत्रू, म्हणून शरीर आपले बळ तिकडे वळवत असावे, असा त्या संशोधकांचा कयास. अॅकर्टची पिल्ले आणि हे उंदीर एकमेकांना खोटे पाडत नाहीत. प्राणी वेगळा, कृमी वेगळा. सरसकट विधानाची सोय तेवढी राहत नाही.

शिवाय कार्यकारण उलटेही चालते. कोंबड्यांना परजीवीमुळे होणाऱ्या रक्ती हगवणीत आतड्याचे अस्तर फाटते आणि खाद्यातले 'अ' पुरेसे शोषलेच जात नाही. हगवण आधी, कमतरता नंतर. या रोगावर दिले जाणारे अँप्रोलियम हे औषध तर परजीवीची उपासमार घडवण्यासाठीच आहे. त्याची घडण थायमिन म्हणजे 'ब-१' सारखी. परजीवी त्याला फसतो आणि खरे थायमिन त्याच्यापर्यंत पोचत नाही. पिल्लू त्या मानाने फारच कमी फसते. म्हणून औषध चालू असताना पाण्यातून 'ब-१' असलेले टॉनिक देऊ नये, असा सल्ला असतो. भरपूर थायमिन मिळाले तर औषध निष्प्रभ होते. आजारी पक्षी अशक्त दिसतो, टॉनिक द्यावे असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. 'अ' आणि 'के' द्यायला हरकत नसते, कारण एक अस्तराच्या डागडुजीला लागते आणि दुसरे रक्त गोठायला. 'ब-१'ची पाळी औषध संपल्यावर येते.