विनंतीचे बंधन

कायद्याने जे मना केलेले नाही ते करण्यास मनुष्य मोकळा आहे, हे सूत्र आम्हां वकील मंडळींच्या अंगवळणी पडलेले असते. न्यायालयात ते उपयोगी पडते. डोंगराच्या पायथ्याशी मात्र ते अपुरे ठरते, असे आम्हांस वाटते.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागी, उलुरू-काटा चूटा या राष्ट्रीय उद्यानात, उलुरू नावाचा वालुकाश्माचा अखंड डोंगर आहे. सपाट माळावरून तो ३४८ मीटर उंच उठतो आणि सूर्यास्ताच्या वेळी निखाऱ्यासारखा लाल दिसतो. १८७३ साली एका गोऱ्या प्रवाशाने त्यास आपल्या प्रांतातील एका राजकारणी गृहस्थाचे नाव देऊन टाकले. १९५८ साली ती भूमी आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वगळून तिचे उद्यान झाले. १९६४ साली माथ्याकडे जाणाऱ्या उभ्या चढणीवर साखळी बसविण्यात आली. तेथील अनंगू लोक त्या माथ्यावर जात नाहीत, कारण ती वाट त्यांच्या माला नामक आदिपूर्वजांची. त्यांच्या भाषेत 'चुकुर्पा' या एकाच शब्दात सृष्टीची कथा, आचार आणि कायदा ही तिन्ही सामावतात. 'धर्म' हा शब्द ज्यांच्या तोंडी रोज आहे त्यांस हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने भूमीची मालकी अनंगूंना परत केली. परंतु लगेच त्यांनी ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने उद्यानासाठी सरकारास द्यावी आणि चढण्याची वाट प्रवाशांस खुली राहावी, असा तो व्यवहार होता. घर नावावर झाले, पण दाराला कडी लावण्याचा अधिकार मिळाला नाही! त्यांच्या हाती उरली ती केवळ विनंती: कृपा करून वर चढू नका. चढताना आजवर पस्तीसहून अधिक माणसे दगावली आहेत, आणि आपल्या भूमीवर पाहुण्याचा प्राण गेला याचे दुःख त्या यजमानांस होते.

चढणाऱ्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. पर्वत कोणी निर्माण केला नाही, मग एका जमातीच्या श्रद्धेने इतरांचे पाय का बांधावेत? हा युक्तिवाद पोकळ म्हणता येत नाही. पावित्र्याच्या नावाखाली आपण आपल्याच बांधवांस शतकानुशतके देवळाच्या पायरीबाहेर उभे केले, हे आठवले की 'पवित्र' हा शब्द उच्चारताना आमचीही जीभ अडखळते. पण तेथे मनाई जन्म पाहून होती आणि ती घालणारा स्वतः गाभाऱ्यात जात होता. येथे कोणासही परतवीत नाहीत. या, पायथ्याभोवतीची दहा किलोमीटरांची वाट चाला, पाणवठ्यापाशी बसा, कथा ऐका. फक्त माथ्यावर पाय देऊ नका, आम्हीही देत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. गोवर्धनास जाणारा भाविक सात कोसांची परिक्रमा करतो आणि गिरिराजावर पाऊल ठेवीत नाही. आपले काही हुकले असे त्यास कधी वाटत नाही.

पुढे काय घडले ते कायद्याच्या अभ्यासकाने नीट पाहावे. चढणाऱ्यांचे प्रमाण शेकडा वीसच्या खाली गेले तर वाट बंद करता येईल, असे २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात नमूद झाले. ते खाली गेले. २०१७ साली उद्यानाच्या मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण्यास बंदी झाली. म्हणजे पायथ्याशी येऊन, फलक वाचून, मुकाट्याने मागे फिरलेल्या अनोळखी माणसांनीच हा कायदा शक्य केला. त्यांच्यावर सक्ती नव्हती, मागे फिरल्याबद्दल त्यांना कोणी शाबासकीही दिली नसेल.

आणि बंदीपूर्वीच्या अखेरच्या आठवड्यांत वर जाणाऱ्यांची रांग लागली होती. त्या रांगेतील एकानेही अपराध केला नाही. आमच्यापैकी कोणीही वकील त्यांस सहज निर्दोष सोडवून आणील. साखळी आता काढली आहे. पावलांनी झिजलेली फिकट रेघ मात्र त्या तांबड्या खडकावर दुरूनही दिसते.