मुळाचा हेतू

भाताचे मूळ पाण्याच्या शोधात खोल जाते, असे कृषिविषयक ग्रंथांत सहज लिहिले जाते. परंतु ज्याला मनच नाही त्याला शोधाचा हेतू कोठून चिकटतो, हा प्रश्न त्या वाक्यात दडलेला असतो. भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. वासराच्या पोषणासाठी दूध जसे आपोआप स्रवते, तशीच प्रधान, म्हणजे अचेतन मूळप्रकृती, पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी, प्रवृत्त होते, असे सांख्य म्हणतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच दाखला उलटवला आणि तेथेही गायीची माया व वासराचे चोखणे आहे, म्हणजे चेतनच प्रवर्तक आहे, असे उत्तर दिले.

भातापुरता हा वाद आता मातीत उतरून पाहता येतो. आयआर-६४ हा चिखलणीच्या खाचरातला, उथळ मुळांचा वाण. किनांदांग पातोंग हा फिलिपिन्समधील वरकस जमिनीचा, खोल मुळांचा. संशोधक युसाकू उगा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दुसऱ्यातील डीआरओ-१ हे जनुक संकराने पहिल्यात आणले, तेव्हा पाण्याच्या ताणातही त्याचे दाणे भरले. या जनुकाचे काम मुळाचा कोन ठरवण्याचे आहे. मुळाच्या टोकातील पेशींत पिष्टाचे जड कण तळाशी बसतात, त्यामुळे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खालच्या कडेला अधिक साचते, त्या कडेची वाढ मंदावते, वरची कड लांबते आणि मूळ खाली वळते. आयआर-६४ मध्ये जनुकाचे एकच अक्षर गळलेले असल्याने प्रथिन अर्धवट राहते व हे वळण कमी पडते. या साऱ्या साखळीत पाण्याचे नावही नाही. आहे ते केवळ वजन.

मग खोली हा तरी गुण म्हणावा काय? त्याच गटाने २०२० मध्ये दाखवले की खारवट खाचरात, जेथे खालच्या मातीत हवा पोहोचत नाही, तेथे उथळ मुळांचेच भात अधिक पिकते. म्हणजे गुण झाडाच्या स्वभावात नसून झाड आणि जमीन यांच्या नात्यात असतो. मुळापुरते सांख्यांचे म्हणणे टिकते. शंकराचार्यांना हवा असलेला चेतन शोधायचाच झाला तर तो बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यात सापडेल. पण तोही मूळ पाहत नाही, भरलेली लोंबी पाहतो, आणि जनुकातले अक्षर त्याला न विचारताच गळते. तेव्हा मूळ खोल जाते आणि तेथे ओल असली तर दाणा भरतो, एवढेच लिहिणे शास्त्राला धरून आहे.