बंदा रुपया

भाऊबीजेला आमच्या आत्याबाई देव्हाऱ्यातली पितळी डबी उघडतात. तीत एकच नाणे आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, 1969 साली निघालेले, दहा रुपयांचे, चांदीचे. त्यांच्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी ओवाळणीत घातलेले. ‘टांकसाळीतून खास मागवलं होतं हो त्यानं,’ असे त्या दरवर्षी सांगतात. वडील आता नाहीत.

यंदा मला दुर्बुद्धी सुचली आणि मी ते भिंगाखाली धरले.

संग्राहकांसाठी पाडलेले नाणे ओळखणे तसे अवघड नाही. त्याचा साचा आणि कोरी चकती दोन्ही आधी आरशासारखी लखलखीत करतात, मग एकाऐवजी दोन किंवा अधिक ठोके देतात. त्यामुळे मोकळी जागा संथ पाण्यासारखी चमकते आणि चेहरा तिच्यावर दव पडल्यासारखा धूसर उठून दिसतो. शिवाय मुंबईच्या टांकसाळीतल्या अशा नाण्यावर तेव्हा इंग्रजी ‘बी’ असे. बाजारात जाणाऱ्यावर ठिपक्याएवढी चौकट. नुसत्या चकाकीवर मात्र जाऊ नये. नवे साधे नाणेही चकाकते, आणि रांगोळीने घासलेले तर विचारूच नका! पण घासल्याचे बारीक ओरखडे भिंगातून सुटत नाहीत.

आत्याबाईंच्या नाण्यावर चौकट होती. आणि ओरखडे, पन्नासांहून अधिक दिवाळ्यांचे.

वडील खोटे बोलले होते तर. निदान त्यांनी बहिणीचा समज तसाच राहू दिला होता. सांगावे का? नाण्यावरून पाहणारा म्हातारा या बाबतीत सल्ला द्यायला फारसा सोयीचा नव्हता!

खरे पाहिले तर यांतले अस्सल नाणे कोणते? संग्राहकाचे नाणे जन्मतःच पेटीत बसते. बोट लागले तरी त्याची किंमत उतरते. 2010 साली रिझर्व्ह बँकेच्या पंच्याहत्तरीनिमित्त 75 रुपयांचे नाणे निघाले. ते कुणाला वाण्याकडून मोड म्हणून मिळाले असेल, असे मला वाटत नाही. अंगावर रक्कम कोरलेली, पण देणे-घेणे कधी घडलेच नाही, हे मला काहीसे चमत्कारिक वाटते. चोख माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो, ते त्याच्या झळाळीवरून नव्हे; त्याची मोड झालेली नसते म्हणून. आत्याबाईंचे नाणे बाजारासाठीच पाडलेले, पण ओवाळणीच्या तबकात पडले आणि तिथेच थांबले. अडचणीचे दिवस त्यांच्या घरीही कमी आले नाहीत. दहा रुपये तेव्हा थोडे नव्हते. तरी डबी उघडली ती भाऊबीजेलाच.

एवढे सगळे मनात येऊनही मी शेवटी सांगितलेच. सत्याखातर सांगितले, की भिंगाचा तोरा मिरवायला, हे अजून ठरत नाही.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नाणे पदराने पुसले, भिंग माझ्या हातातून घेतले आणि म्हणाल्या, ‘कुठे आहे रे ती चौकट? दाखव मला.’

मी दाखवली. त्या बराच वेळ पाहत होत्या.