माझी फी कोणी भरली?

आमच्या टीममधला एकजण सहा महिने लंडनच्या क्लायंटकडे राहून परत आला. दुपारच्या चहाला त्याने मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यात एका बागेच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो होता. पाटीवर निळं चिन्ह, एका बोटावर दुसरं बोट चढवलेला हात. ही बाग लॉटरीच्या पैशातून दुरुस्त झाली असं खाली लिहिलेलं. "बघ ना, लोक हौसेने तिकीट काढतात. त्यातून बाग होते, म्युझियम होतं, खेळाडू तयार होतात. कुणावर सक्ती नाही. आपल्याकडे का नाही होत असं?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आपल्याकडेही होतं असं, आणि त्यातलं एक उदाहरण तुझ्यासमोर बसून चहा पितंय, हे काही मी बोललो नाही.

माझ्या मामाची कारंज्याला लॉटरीची टपरी होती. कारंजा लाड, जिल्हा वाशीम. (मी जन्मलो तेव्हा जिल्हा अकोला होता, वाशीम वेगळा झाला १९९८ साली.) दत्तभक्तांना हे गाव नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत असतं, जैनांना इथल्या भट्टारकांच्या गाद्या आणि जुन्या पोथ्यांमुळे, आणि हल्ली समृद्धी महामार्गाने सुसाट जाणाऱ्यांना एक पाटी म्हणून. मामाची टपरी एसटी स्टँडजवळ होती. दोरीला चिमटे लावून तिकिटं टांगलेली, खाली काचेच्या पेटीत निकालाचे कागद. वडलांची चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर, म्हणजे तीही एक सोडतच. त्यामुळे पाचवीपासून मी मामाकडे शिकायला होतो. पुढे अमरावतीला इंजिनिअरिंगला गेलो. निम्मी फी सरकारी सवलतीत गेली. उरलेली निम्मी, मेस आणि खोलीभाडं मामाने दिलं. दहा रुपयांच्या तिकिटामागे त्याला रुपयाच्या आसपास सुटायचा.

शाळेत असताना संध्याकाळी टपरीवर बसणं आणि उधारीची वही लिहिणं माझ्याकडे होतं. त्या वहीत एक नाव जवळजवळ रोज यायचं. मार्केट यार्डातले एक हमाल. त्यांना मी काका म्हणायचो, इथेही तेवढंच म्हणतो. हंगामात दिवसभर पोती वाहून संध्याकाळी यायचे, दोन तिकिटं घ्यायचे. एक रोखीचं, एक उधारीचं. निकाल बघताना चष्मा नसल्यामुळे आकडे मला वाचायला लावायचे. मी मुद्दाम हळूहळू वाचायचो, कारण त्यांना ते आवडायचं.

इंजिनिअर झाल्यावर एकदा मी तो हिशेब मांडला. रोजची दोन तिकिटं, वर्षातले तीनशे दिवस, सहा हजार रुपये. त्यातून मामाकडे आले सहाशे. म्हणजे माझ्या मेसच्या एका महिन्याला काकांसारखी पाच-सहा माणसं वर्षभर लागत होती. मामाच्या हातून माझ्याकडे आलेल्या दर रुपयामागे कुणाच्या तरी खिशातून दहा रुपये निघाले होते. उरलेल्या नऊमध्ये बक्षिसं, एजंट, छपाई आणि सरकार. बक्षिसाचा पैसा खेळणाऱ्यांकडेच परत जातो, हे खरं. पण काकांचे रुपये काकांकडे परत जात नाहीत, ते दुसऱ्या कुठल्यातरी गावातल्या तिसऱ्या माणसाकडे जातात, तेही क्वचित.

लंडनच्या पाटीमागचा हिशेब थोडा बरा आहे. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला तिकिटाच्या एका पौंडातले साधारण २८ पेन्स सत्कार्यांना जायचे : कला, खेळ, वारसा, धर्मादाय संस्था. तिथे एक तत्त्वही होतं. सरकारने जे करायलाच हवं ते लॉटरीच्या पैशातून करायचं नाही, लॉटरीने वरचं द्यायचं. १९९८ मध्ये आरोग्य आणि शिक्षणासाठी नवा निधी काढला तेव्हा हे तत्त्व मोडलं अशी ओरड झाली. परिणाम मात्र डोळ्यांत भरण्यासारखे आहेत. १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळालं होतं. लॉटरीचा पैसा खेळाडूंकडे वळला आणि २०१२ मध्ये लंडनला २९ मिळाली. आमच्या मित्राचं कौतुक अगदीच पोकळ नाही. पण त्याच लॉटरीतून लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला ७ कोटी ८५ लाख पौंड दिले गेले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी विचारलं की तिकीट काढणाऱ्यांपैकी ऑपेरा बघायला जातं कोण? सत्कार्य खरंच चांगलं होतं. ऑपेरा वाईट असतो असं कोणी म्हणत नव्हतं.

मुंबईत हे दोनशे वर्षांपूर्वी करून झालं आहे. एशियाटिक सोसायटीच्या ज्या पांढऱ्या पायऱ्यांवर लोक फोटो काढतात, त्या टाऊन हॉलसाठी आधी लॉटरी काढली होती. पैसा पुरला नाही, काम रखडलं, शेवटी कंपनी सरकारने खर्च उचलला आणि १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. आणखी मागे जायचं तर कौटिल्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमायला सांगितला आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवा, फासे सरकारी ठेवा आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच घ्या. मनुस्मृती मात्र राजाने जुगार राज्यातून हाकलून द्यावा म्हणते. हा वाद अजून तिथेच आहे. केरळने १९६७ मध्ये लॉटरी खातं काढलं. महाराष्ट्राची लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासूनची. तेव्हा मुंबईत मटका जोरात होता, आणि लोकांना त्यातून काढून काहीतरी सचोटीचं द्यावं, हा एक हेतू होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट सांगितलं की सरकारने काढली म्हणून लॉटरी जुगार व्हायची थांबत नाही. गंमत अशी की आपल्या तिकिटांची नावं गजलक्ष्मी, वैभवलक्ष्मी अशी, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे लक्ष्मी पानमसाल्याच्या रांगेत.

आपल्याकडे लॉटरीचा नफा राज्याच्या तिजोरीत जातो. केरळने २०११ मध्ये 'कारुण्य' नावाची लॉटरी काढली, तिच्या नफ्यातून कर्करोग, हृदयरोग, मूत्रपिंडाचे आजार असलेल्या गरीब रुग्णांना मदत करायची. मला बरेच दिवस वाटायचं की हाच प्रामाणिक मार्ग आहे. पैसा कुठे जातो ते तिकिटाच्या नावातच सांगून टाकलेलं. आता तसं वाटत नाही, आणि त्याला कारण टपरीवरची एक गोष्ट.

मी बारावी होऊन अमरावतीला जाणार होतो, त्या वर्षीच्या मे महिन्यात हमालकाकांची बायको टपरीवर आली. भांडली नाही. मामाला म्हणाली, "भाऊ, यायले तिकीट देनं बंद करा. घरात तेल नाही राहत अन् खिशात कागदं सापडते." मामा चांगला माणूस आहे. त्याने मान हलवली आणि खरंच बंद केलं. काका आले की म्हणायचा, संपली. दोरीवर तिकिटं लटकत असायची आणि मामा म्हणायचा संपली. काका हसायचे, चहा पिऊन जायचे. असं महिनाभर चाललं.

जूनच्या शेवटी माझं ॲडमिशन झालं. फी भरायची तारीख आली. खोलीचं डिपॉझिट, गादी, बादली, ड्रॉइंगचं सामान. एका संध्याकाळी मी टपरीवर बसलो होतो, काका आले, आणि मामाने माझ्याकडे एकदा बघून दोन तिकिटं काढून दिली. मी वहीत लिहिलं. मामा काही बोलला नाही, मीही नाही. एका काकांच्या दोन तिकिटांनी माझी फी भरणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. पण मामाला त्या महिन्यात कुठल्याच गिऱ्हाइकाला 'संपली' म्हणणं परवडत नव्हतं, आणि एकदा हा नियम झाला की काका त्याला अपवाद कसे राहणार?

कारुण्यबद्दलचं माझं मत त्या दोन तिकिटांमुळे बदललं. लॉटरीच्या नफ्यावर ज्याचं डायलिसिस चालतं त्याच्याकडे बघून कुठलं सरकार तिकीट घेणाऱ्याच्या बायकोचं ऐकेल? सत्कार्य जितकं मोठं, तितका तो माणूस सुटू नये असं आपल्याला वाटायला लागतं. मामाला काकांचं वाईट करायचं नव्हतं, त्याला फक्त माझं चांगलं करायचं होतं. निव्वळ तिजोरी भरणाऱ्या लॉटरीला निदान लाज वाटू शकते. रुग्णाचं नाव लावलेल्या लॉटरीची ती सोयही जाते.

इथे एक आक्षेप मी स्वतःलाच अनेकदा घेतला आहे. काका काही लहान मूल नव्हते. स्वतःच्या कष्टाच्या वीस रुपयांचं काय करायचं हे मी कोण ठरवणार? त्या वीस रुपयांत त्यांना दुपारपासून निकालापर्यंत डोक्यात एक घर बांधता यायचं, आणि पोती वाहताना तेवढं तरी हवं. शिवाय मी बोलावं असा माझा अधिकारही नाही. सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. त्या ९३ टक्क्यांत मी आहे, बेचाळीस हजारांनिशी. आमच्या ऑफिसात अर्धी मंडळी दर आठवड्याला हेच करतात आणि त्याला अभ्यास म्हणतात. माझ्या खिशात कागद सापडत नाहीत, ॲप असतं, एवढाच फरक.

तरीही एक फरक उरतो. माझ्या बेचाळीस हजारांना कोणी समाजसेवा म्हटलं नाही. काकांच्या वीस रुपयांना म्हटलं जातं, आणि तेही काकांचं कौतुक करायला नाही, आपल्याला बरं वाटावं म्हणून. बाग, दवाखाना, ऑलिंपिकचं पदक या सगळ्यांच्या वस्तू आहेत. त्यांचा खर्च सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे उचलायचा, तर कर वाढवावा लागतो, आणि कर म्हटलं की आमच्या चहाच्या टेबलावर कोणी मान डोलावत नाही. लॉटरी म्हटलं की डोलावतात. "कुणावर सक्ती नाही" याचा साधा अर्थ असा की आपल्यावर सक्ती नाही.

कारंज्यात देण्याच्या दुसऱ्या पद्धती बघत मी वाढलो. दत्तसंप्रदायात झोळी असते. झोळी पुढे करणारा सरळ मागतो, देणाऱ्याला आपण देतोय हे कळतं, नाही द्यायचं तर तो पुढे हो म्हणतो. जैनांचा महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ पासून इथे आहे, असे आश्रम लोकांच्या दानावर उभे राहतात, आणि तिथे मुलांना शिकवल्या जाणाऱ्या सप्त व्यसनांत पहिलं जुगाराचं आहे. श्रीमंतांच्या दानात मिरवणं असतं, नाव कोरलेली फरशी असते, हे मीही पाहिलंय. पण तिथे निदान देणारा स्वतःला देणारा समजतो. काका तिकीट घेताना देत नव्हते, घेत होते. त्यांच्या घेण्याला मागाहून कोणीतरी देणं ठरवायचं, हे मला पटत नाही.

निदान गेल्या दिवाळीपर्यंत पटत नव्हतं. मामाच्या टपरीत आता रिचार्ज, झेरॉक्स आणि आधारची कामं चालतात, तिकिटांची दोरी एका कोपऱ्यात उरली आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काका आले. पाठ वाकलीय, यार्डातलं काम सुटलंय. मी चहा सांगितला. बरेच दिवस मनात होतं म्हणून पाकीट काढलं होतं, मिठाईच्या डब्याखाली ठेवून द्यावं असा विचार होता. ते म्हणाले, "राहू दे बाबू. तुह्या शिक्षणात माहा बी हात हाय का नाही?"

मी काही बोलेना तेव्हा म्हणाले, "मले का मालूम नव्हतं? मामा तुह्या फीसाठीच तं बसे. मटक्यावर बी भेटतच होतं ना मले. मी म्हनो, जाऊ दे, इथं पोट्टं तरी शिकते."

मामा झेरॉक्स मशीनकडे तोंड करून कागद सारखे करत होता.

हे ते खरंच तेव्हा मनात आणून यायचे, की आता माझ्याकडे बघून त्यांना सुचलं, मला ठरवता आलं नाही. त्यांच्या बायकोचं आणि तेलाचं विचारावं असं तोंडावर आलं होतं, विचारलं नाही. पाकीट त्यांनी घेतलं नाही, मिठाईचा डबा घेतला. जाताना दोरीकडे गेले आणि मला जवळ बोलावलं. "तू कंप्युटरवाला ना. शेवटचे दोन आकडे सांग."

त्यात काही अर्थ नसतो काका, असं मी सांगू शकलो असतो. मोबाईल काढला, एका ओळीचा प्रोग्राम लिहिला आणि चालवला. सदुसष्ट आले. मी हळूहळू वाचून दाखवले.