हाडांतलं उधाण

बरीच वर्षं मी साबणाला दोष देत होते. अंघोळ करून आलं की अंगभर सुया टोचल्यासारखी खाज सुटायची. पुरळ नाही, गांधी नाही, अर्ध्या तासात सगळं शांत. साबण बदलले, बोअरचं पाणी सोडलं, एका दिवाळीत तर उटण्यालाही नावं ठेवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा निरोप देताना सहकारी म्हणाले, ‘बाई म्हणजे हाडाच्या शिक्षिका.’ दोनच महिन्यांनी नेहमीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १८.९ आलं आणि कळलं, की दोष साबणाचा नव्हता; हाडात आणखीही काही मुरलेलं आहे.

आजाराचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा: रक्तात तांबड्या पेशींची गर्दी. ल्वी व्हाकेझ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, विल्यम ऑस्लर यांनी १९०३ मध्ये त्याला वैद्यकात पक्की जागा दिली. ‘व्हेरा’ म्हणजे खरी. उंच पहाडात राहणाऱ्यांचंही रक्त दाट होतं, पण तिथे प्राणवायू विरळ असतो, म्हणून. माझ्या हाडांतल्या मज्जेला असं काही निमित्त लागत नाही.

‘मज्जा’ हा शब्दही चकवा देणारा. मज्जातंतू आठवून जाऊबाईंना वाटलं, नसांचं दुखणं असणार. नातवाने विचारलं, ‘आजी, मज्जेचा आजार म्हणजे मज्जा करायचा आजार का?’ त्याला सांगितलं, अगदी चुकीचं नाही. माझ्या हाडांत जरा जास्तच चाललंय.

आयुर्वेदाच्या सात धातूंमध्ये रक्त दुसरं, मज्जा सहावी. रक्ताचं स्थान यकृत आणि प्लीहा. रक्त हाडांच्या पोकळीत तयार होतं, हे अर्न्स्ट नॉयमन यांनी क्योनिग्सबर्गमध्ये दाखवलं, तेव्हा १८६८ साल उजाडलं होतं. पण जुन्यांना हसू नये. गर्भात बाळाचं रक्त काही महिने यकृतात आणि प्लीहेतच तयार होतं. मज्जा तो कारभार नंतर हाती घेते. या आजाराच्या काही रुग्णांत पुढे मज्जेत तंतूंचं जाळं माजतं, तिथे जागा उरत नाही आणि रक्त पुन्हा आपल्या माहेरी परततं. डॉक्टर दर खेपेला डाव्या बरगडीखाली बोटं दाबून प्लीहा चाचपतात, तेव्हा ते त्या परतीची चाहूल घेत असतात.

२००५ मध्ये या आजाराचं मूळ सापडलं. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकातून मज्जेला निरोप धाडतात, की तांबड्या पेशी हव्यात. तो निरोप पेशीच्या आत पोचवतं जॅक-२ नावाचं प्रथिन. निरोप थांबला की तेही थांबतं. माझ्यासारख्यांत त्या प्रथिनातलं ६१७ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि तेवढ्याने ते निरोपाविनाही चालू राहतं. निरोगी मज्जाही सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी घडवते. ती आळशी कधीच नव्हती; माझ्या मज्जेला फक्त ‘पुरे’ ऐकू येत नाही.

हा बदल आईवडिलांकडून सहसा येत नाही. आयुष्यात कधीतरी एका मूळपेशीत तो घडतो. काही रुग्णांत तो निदानाच्या कित्येक दशकं आधी, अगदी लहानपणी घडल्याचं संशोधकांना दिसलं आहे. हे वाचलं आणि ‘आजाराआधीची मी’ नावाची बाई माझ्या मनातून हळूच उठून गेली. कदाचित मी पहिल्यांदा खडू हातात घेतला, तेव्हाही ती पेशी आपलं काम करतच होती. सहकाऱ्यांनी ज्या हाडांचं कौतुक केलं, ती हीच.

यावरचा पहिला उपाय मात्र फार जुना आहे: रक्त काढणं. सुश्रुताने जळवा लावल्या. युरोपात शतकानुशतकं कुठल्याही तापावर शीर कापली जाई. १७९९ मध्ये मरणासन्न जॉर्ज वॉशिंग्टन यांचंही रक्त असंच भरमसाट काढलं होतं. पुढे पिएर लुई यांनी पॅरिसमध्ये रुग्ण मोजून या उपचाराचा फोलपणा दाखवला आणि तो मागे पडला. उरला तो मोजक्या आजारांपुरता. त्यांतला एक माझा. इथेही न्याय मोजणीनेच झाला: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६५ रुग्णांच्या एका इटालियन अभ्यासात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवलेल्यांच्या तुलनेत सैल सोडलेल्यांना गुठळ्यांचा आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका जवळजवळ चौपट आढळला.

म्हणून मी रक्तपेढीत जाते. भिंतीवर ‘रक्तदान श्रेष्ठदान’. शेजारच्या खुर्चीवर मंडळाच्या शिबिराची सवय असलेला एखादा तरुण. दोघांच्या दंडाला तोच पट्टा, दोघांना तीच कॉफी आणि बिस्किटं. त्याची पिशवी शीतकपाटात जाते, माझी ३५० मिलिलिटरची पिशवी पिवळ्या कचऱ्यात. आयुष्यभर रक्ताचं पाणी केलं म्हणतात. माझं खरंच थोडं झालं असतं तर बरं होतं.

रक्त काढून काढून लोह आटतं, थकवा येतो. बहीण अळिवाचे लाडू पाठवते. लोह कमी, तरी लोहाची गोळी घ्यायची नाही, कारण मज्जा तेही लगेच कामाला लावील. हे तिला पटत नाही. मी एक लाडू खाते, बाकीचे वाटते.

शाळेत घंटा झाली की फळ्यावरचं वाक्य अर्धं सोडावं लागे. तेव्हा तिचा राग यायचा. आता वाटतं, शिकवण्याइतकीच ती घंटाही शाळाच होती. माझ्या हाडांत ती वाजत नाही, म्हणून बाहेरून वाजवावी लागते: सुईने, रोजच्या ॲस्पिरिनने, साठी उलटल्यावर सुरू झालेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूलने.

परवाचा आकडा ४४.२. पुढची तारीख सहा आठवड्यांनी, सकाळी दहा वाजता.