फुलांखालची जमीन

वसंत आला हे माणसाला कोणी सांगावे लागत नाही, असे कवी म्हणतात. द्वारकेच्या चौकात वाढलेल्या माणसाला मात्र ते सांगावे लागते. नाशिकच्या आमच्या या द्वारकेचा श्रीकृष्णाशी संबंध नावापुरताच. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता तिथे येऊन मिळतो, डोक्यावरून उड्डाणपूल जातो, आणि फाल्गुनातली पालवी जन्मतःच धुळीने माखलेली असते. वसंत म्हणजे परीक्षा, गच्चीवरची वाळवणे, हातगाडीवर स्वस्त झालेली द्राक्षे आणि पाडव्याच्या सकाळी तोंड वाकडे करून खाल्लेला कडुनिंब, एवढीच आमची ओळख. ज्याच्यासाठी इतके काव्य खर्ची पडले तो ऋतू आमच्याकडे उन्हाळ्याचा मुनीम म्हणूनच येत असे.

त्या ऋतूची थोरवी मला कळली ती बर्लिनला. इथे राहून मला अकरा वर्षे झाली. नोव्हेंबर लागला की या शहरावर करड्या कांबळ्यासारखे आभाळ पसरते. डिसेंबरात दुपारी चारलाच दिवे लागतात. माणसे माना खाली घालून चालतात. मग मार्चमध्ये एखाद्या दिवशी ऊन पडते. ऊन म्हणजे तरी काय, पारा जेमतेम दहा-बारा अंशांवर! आमच्याकडे त्याला कडाक्याची थंडी म्हणतील. पण तेवढ्यावर सारे शहर बाहेर पडते. उपाहारगृहांच्या खुर्च्या पदपथावर येतात, माणसे गुडघ्यांवर शाल पांघरून, डोळे मिटून, सूर्याकडे तोंड करून बसतात. संध्या करणारा माझा आजोबाही सूर्यापुढे इतक्या निष्ठेने बसत नसे. आइस्क्रीमच्या दुकानापुढे रांग लागते. वर्षभर जिन्यात नुसती मान हलवणारा शेजारी त्या दिवशी चक्क हवापाण्याच्या चार गोष्टी बोलतो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकतात. माझ्यापुरते म्हणाल, तर त्या दिवशी नाशिक तासाभराने जवळ येते. साडेचार तासांचे अंतर साडेतीनवर येते आणि आईला फोन करताना ती निजली असेल का, ही धास्ती थोडी कमी होते. दुकानात द्राक्षांच्या डब्यावर ‘भारत’ अशी चिठ्ठी दिसते. आईला सांगितले की तीही हसते. म्हणते, इथे दारात गाडी उभी आहे आणि तू तिकडे डबीतली मोजून खातोस! एप्रिलमध्ये पांढरे शतावरीचे कोंब बाजारात येतात आणि २४ जूनपर्यंत घरोघरी त्यांचाच विषय. पहाटे चारला काळा पक्षी गाऊ लागतो. रस्त्यावरच्या झाडांना नंबर असतात; पाऊस लांबला तर आपल्या दारचे झाड शेजारीपाजारी बादलीने शिंपतात. हे सारे इतके सुरेख आणि इतके निरागस वाटते की पहिली दोन वर्षे मी केवळ पाहत राहिलो.

पण हे शहर फार वेळ केवळ पाहू देत नाही. बोर्नहोल्मर रस्त्याजवळच्या पुलाशी एप्रिलअखेर गुलाबी चेरी फुलते. माणसे लोटतात, लग्नाची जोडपी छायाचित्रे काढून घेतात. मीही गेलो. ती झाडे जिथे उभी आहेत तिथून १९६१ ते १९८९ या काळात बर्लिनची भिंत जात होती. भिंतीपायी प्राणास मुकलेली माणसे शहरभरात किमान १४० भरली. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीचा पहिला दरवाजा उघडला तो याच पुलावर. पुढे जपानमधल्या दूरदर्शन-प्रेक्षकांनी वर्गणी काढून हजारो चेरीची रोपे धाडली आणि ती भिंतीच्या वाटेवर जागोजाग लावली गेली. घरी परतताना दारापुढच्या फरसबंदीत पितळी पत्र्याचे चौकोन बसवलेले दिसतात, तळहाताएवढे. एकेकावर एकेका माणसाचे नाव: इथे राहत होता, अमुक साली जन्मला, अमुक साली नेला, अमुक छावणीत मारला. चेरीच्या पाकळ्या वाऱ्याने येऊन त्यांच्यावर पडतात.

इथे माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो काही केल्या बसेना. फुले निरपराध आहेत, हे खरेच. झाडाला इतिहास ठाऊक नसतो. पण जो ठाऊक असूनही फुलांकडे पाहून हरखतो, त्या माणसाचा आनंद निरपराध असतो का? आणि ठाऊक असणे म्हणजे आनंदात माती कालवणेच का?

माझ्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, वय सत्त्याऐंशी. त्यांना मी हे एकदा विचारले. त्या म्हणाल्या, तुम्हांला या शहराच्या मधोमध असलेली थोरली बाग ठाऊक आहे ना, टियरगार्टन? लढाईनंतरच्या हिवाळ्यांत लोकांनी सरपणासाठी ती तोडून नेली. (हे मी पुढे वाचूनही पाहिले. दोन लाखांवर झाडे होती, त्यांतली सातशेच्या आसपास राहिली. उरलेल्या जमिनीत बटाटे लावले गेले. मार्च १९४९ मध्ये नगराध्यक्षांनी लिंडेनचे पहिले रोप लावले आणि पुढे इतर जर्मन शहरांनी अडीच लाख रोपे पाठवली.) बाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. त्यांचा वसंत म्हणजे खाजकुइलीसारख्या चरचरणाऱ्या एका पाल्याचे सूप. मार्चमध्ये तोच एक पाला उगवे आणि आई तो खुडून आणी. शेवटी म्हणाल्या, “मला आता फुले नुसती पाहू द्या. माझे वडील त्या लढाईत कोणत्या बाजूला होते हे मला माहीत आहे, आणि त्या पितळी पाट्या मी दर नोव्हेंबरात स्वतः घासते. पण एप्रिल माझा.”

मला या उत्तराने आधी अवघडल्यासारखे झाले आणि मग फार बरे वाटले. विसरणारा माणूस वेगळा आणि हिशेब चुकता ठेवून घटकाभर वही मिटणारा वेगळा.

मात्र बाईंचे उत्तर बाईंना शोभते. पाहुण्याचे काय? याबाबतीत मला इरावतीबाई कर्वे आठवतात. १९२८ साली त्या संशोधनासाठी बर्लिनला आल्या, तेव्हा वय तेविशीच्या आसपास. दाहलेम या झाडांच्या उपनगरात मानववंशशास्त्राची संस्था नुकतीच निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक आणि बाईंचे गुरू. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल वंशाप्रमाणे बदलतो, आणि त्यातून गोऱ्यांची बौद्धिक सरशी दिसते, असा गुरूंचा कयास. तो पडताळण्यासाठी जगभरातून गोळा केलेल्या कवट्या या मुलीपुढे आल्या; जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्याही. तिने त्या मोजल्या आणि वंशाशी असा काही संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहून मोकळी झाली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती आपली पदवी त्या गुरूपुढे! पुढे त्याच संस्थेचे हात कुठवर पोहोचले ते जगाला ठाऊक आहे. आउशविट्झच्या छावणीतून मेंगेले मेलेल्यांचे अवयव पाठवी ते याच घरी. २०१४ साली जवळच खोदकाम करताना हाडे निघाली. पुढच्या उत्खननात सुमारे १६,००० तुकडे मिळाले. ती कोणाची, हे पुन्हा तपासण्या करून वंशवार लावू नये, असे संबंधित समाजांशी बोलून ठरले. २३ मार्च २०२३ रोजी दाहलेमच्या रानातल्या दफनभूमीत ती एकत्र पुरली. माणसांना मोजण्याचा सोस तिथे तरी संपला.

त्या इमारतीवरून मी वसंतात अनेकदा जातो. सुंदर आहे तो भाग, मॅग्नोलियाची झाडे दारोदार. आणि तिथेच एके दिवशी माझ्या ध्यानात आले की हे सारे आठवणे मला किती सोपे जाते! दुसऱ्याच्या अंगणातली हाडे मोजायला काही पडत नाही. उलट आपण मोठे नीतिमान आहोत असा एक गुलाबी भास होतो, अगदी चेरीसारखा. इरावतीबाईंना नकाराची किंमत पडू शकत होती. मला काय पडते? किंमत पडेल अशी जमीन माझ्यापुरती एकच, गोदावरीच्या काठची.

आमच्या नाशिकला रंगपंचमीला रहाडी उघडतात. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या गावात तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनि चौक अशा ठिकाणी भर रस्त्याखाली पेशवेकालीन दगडी हौद आहेत. वर्षभर त्यांवरून रहदारी चालते. त्या दिवशी वरची माती आणि लाकडे काढतात, पूजा करतात, रंगाचे पाणी भरतात आणि माणसे वरून धप्पा मारतात. मग पुन्हा लाकडे, पुन्हा माती. मला लहानपणी याची मोठी मौज वाटे की पायांखाली एवढी खोल जागा आहे आणि वर्षातले एक दिवस सोडून ती कोणाच्या लक्षात नसते.

याच गावात, याच ऋतूत, २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. हजारोंची मिरवणूक देवळाशी आली आणि देवळाची दारे बंद होती. त्या चैत्रात रामाच्या रथाच्या दिवशी दगड पडले. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा नेटाने चालवला, तो वर्षानुवर्षे. इरावतीबाई दाहलेमला कवट्या मोजत होत्या तो काळही हाच. आमच्या द्वारकेच्या घरापासून ते देऊळ पाऊण तासाची चाल. दर चैत्रात कामदा एकादशीला आम्ही रथ पाहायला जात असू. गर्दी, गुलाल, उसाचा रस, पुलावरचा वारा. इतका सुंदर दिवस वर्षात दुसरा नसे. ती १९३० ची गोष्ट घरात कोणी लपवली नाही; कोणी सांगितलीही नाही. मला ती कळली पुस्तकातून, आणि तीही गाव सोडल्यावर.

एका स्नेह्याला मी हे लिहिले, तर त्याने उलट टपाली विचारले, सणाच्या दिवशी हे कशाला? त्याचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. मुलांच्या हातातला आनंद हिसकावून शहाणपणा शिकवणारी माणसे मलाही आवडत नाहीत. पण बर्लिनची ती बाई एप्रिल आपला म्हणू शकते, कारण नोव्हेंबरात ती गुडघे टेकून पाट्या घासते. आमच्याकडे नोव्हेंबरचे काम कोणी करायचे, आणि कोणत्या दिवशी?

येत्या चैत्रात मी नाशिकला असेन. आठ वर्षांच्या भाच्याला रथ दाखवायचे कबूल केले आहे. रथाच्या दोरीला आधी हात लावू द्यायचा, रस पाजायचा, हे ठरलेले. मग परतताना देवळाच्या दाराशी थोडे थांबायचे. दार आता उघडे असते. ते एकदा कोणापुढे बंद झाले होते, हे सांगितल्यावर तो पहिला प्रश्न विचारील तो मला ठाऊक आहे: तेव्हा आपले पणजोबा कुठे होते? दाराच्या आत की बाहेर? आईला मी तेच विचारले आहे. ती म्हणाली, आठवून सांगते.